ओधवजीचा लाल ठिपका

राजकोट दुपारी एक वाजता झोपतं. झोपतं म्हणजे डुलकी काढतं असं नव्हे; पोटभर कढी-भात खाऊन, शटर अर्ध्यावर ओढून, पंख्याखाली चांगलं आडवं होतं. बाहेरगावचा माणूस केवढीही ऑर्डर घेऊन आला तरी चार वाजेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. बाहेरची माणसं यावरून आम्हाला हसतात. हसोत बापडी. सकाळी आठला भक्तिनगरच्या कारखान्यांत येऊन लेथवरची माणसं बघावीत आणि मग खुशाल हसावं.

या अख्ख्या झोपलेल्या गावात एक माणूस मात्र जागा असायचा. ओधवजी पिठवा. जातीचा लुहार, अंगानं काटकुळा, डोक्यावर पांढरी टोपी आणि खिशात बायकांच्या नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली.

बाटलीचं सांगतो, पण आधी धंद्याचं. राजकोटात इंजिनं होतात, पंप होतात, मोटारी होतात; म्हणजे गावात फिरणाऱ्या वस्तूच जास्त. फिरणारी वस्तू मिनिटाला किती फेरे घेते हे कळायला टॅकोमीटर लागतो. मुठीत मावेल एवढा लोखंडी डबा, तोंडावर घड्याळासारखी तबकडी, आणि पुढं एक नाक. नाकाला रबराचं टोक. ते टोक फिरत्या दांड्याच्या मधल्या खळग्यात टेकवायचं की काटा फेरे दाखवतो. ऐकायला सोपं आहे. पण हलकं टेकवलं तर रबर घसरतं आणि काटा कमी सांगतो; दाबून धरलं तर बारकी मोटर दमते आणि तीच कमी फिरते; तिरकं धरलं तर काटा नुसता थरथरत बसतो. तान्ह्या मुलाच्या कपाळाला ताप बघायला हात लावतात तसं धरायचं, असं ओधवजी शिकवी. आणि एकदा बघून भागत नाही, तीनदा बघायचं.

आता हे टॅकोमीटर म्हातारे होतात. आतली स्प्रिंग सैल पडते आणि काटा खोटं बोलायला लागतो. मग ते ओधवजीकडे येत. तो ते खोलायचा, काटा खऱ्यावर आणायचा, मागचा बारका स्क्रू घट्ट करायचा आणि त्या स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका लावायचा. ठिपका मोडल्याशिवाय तो स्क्रू कुणाला हलवता यायचा नाही. गाव ओधवजीला बापा म्हणे. तीस वर्षांत त्या ठिपक्याला नाव असं झालं होतं की दोन कारखानदार फेऱ्यांवरून भांडायला लागले की तिसरा विचारायचा, ‘बापाचा ठिपका आहे का?’ असला तर भांडण मिटलं.

रंग नखांचाच लागे, कारण तो लवकर वाळतो आणि तेलानं निघत नाही. दुकानात बाटली घ्यायला गेला की दरवेळी कुणीतरी विचारी की समजुबेन या वयात फारच नटायला लागल्या का. समजुबेन म्हणजे त्याची बायको. तिनं त्या रंगाचा एक थेंब जन्मात नखाला लावला नव्हता.

काटा खरा की खोटा हे ओधवजी कशावरून ठरवी? त्याच्या खोलीत एका फळीवर शिलाईयंत्राची छोटी मोटर बसवलेली होती. तिच्या दांड्याच्या एका टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती, चकतीवर दहा काळ्या पट्ट्या. दुसऱ्या टोकाला टॅकोमीटर टेकवायचा. वर ट्यूबलाइट. ट्यूब सेकंदाला शंभरदा उघडझाप करते. आपल्या डोळ्याला कळत नाही, पट्ट्यांना कळतं. मोटर हळूहळू वाढवत नेली की त्या पट्ट्या आधी धूसर होतात, मग चकतीवर उलट्या चालायला लागतात, मंद मंद होत जातात, आणि बरोबर सहाशे फेऱ्यांवर उभ्या राहतात. चकती गरगर फिरते आहे, पुठ्ठ्याचा वारा गालाला लागतो आहे, आणि पट्ट्या मात्र जागच्या जागी. तीस वर्षं बघूनही ओधवजीला त्यात नवल वाटायचं. आपण कुठंतरी पोचलो असं त्याला त्या क्षणी वाटे. कुठं, ते त्याला कधी सांगता आलं नाही.

हे काम दुपारीच व्हायचं. एरवी शेजारचे वेल्डिंगवाले काम करत, दिवा दचकायचा, मोटर अडखळायची, पट्ट्या एका जागी ठरायच्या नाहीत. एक वाजला की सगळं गप्प. शिवाय ओधवजीचा एक नेम होता. भिंतीवर विजेवर चालणारं घड्याळ, हातात त्याच्या बापाचं किल्लीचं घड्याळ. काम सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं दोन्ही समोर धरून नुसतं बसायचं. विजेचं घड्याळ मागं पडलं तर आज वीजच सुस्तावली आहे असं समजायचं. त्या दिवशी ट्यूबवर भरवसा नाही आणि ठिपकाही नाही. शेजारी म्हणत, बापा विजेची नाडी बघतात.

त्या वर्षी वैशाख असा तापला की रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटून घरात यायचं. ओधवजीला एकसष्टावं लागलं होतं. गुरुवारी त्याच्यापुढं तीन टॅकोमीटर होते. एक पंपवाल्या पोपट सोरठियाचा, एक मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या हबीबचा, आणि तिसरा वशरामचा. वशराम डोडिया म्हणजे ओधवजीचा चेला. सात वर्षं हाताखाली राहिला, मग एका इंजिनाच्या कारखान्यात टेस्टर म्हणून लागला, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. इंजिन साडेसहाशे फेऱ्यांवर चालतं की नाही हे बघून पास करायचं, हे त्याचं काम.

तिन्ही टॅकोमीटर सकाळीच खोलून, पुसून, तेल देऊन, अंदाजानं बसवून झाले होते. चकतीवर बघायचं तेवढं उरलं होतं. एक वाजला, वेल्डिंग थांबलं. समजुबेन आतल्या खोलीत फरशीवर ओला पंचा टाकून झोपली. ओधवजीनं बाटली उघडून कुंचला टेकवून ठेवला आणि दोन्ही घड्याळं समोर घेतली.

एक काटा झोकात फिरत होता, दुसरा टिकटिकत होता. मधेच दोन्ही एकसारखे वाटायला लागले. मग समोर त्याच्या बापाची भट्टी होती, गोंडलजवळच्या गावातली, आणि तो स्वतः भात्याचं चाक फिरवत होता. चाकाचे आरे धूसर झाले, उलटे चालले, मंद मंद होत उभे राहिले. बाप ऐरणीवरून न बघताच म्हणाला, ‘किती?’ ओधवजी म्हणाला, ‘सहाशे.’ बाप म्हणाला, ‘मग लाव.’ एवढं साधं ते सगळं होतं. भट्टीतली हवा गार होती, चाक फिरत होतं आणि उभंही होतं, आणि बाप त्याच्यावर खूश होता, जे बाप जिवंतपणी फारसं दाखवत नसे.

जाग आली ती दारावरच्या थापेनं. चार वाजले होते. ओधवजीच्या हातात कुंचला होता, आणि तिन्ही टॅकोमीटरच्या मागं लाल ठिपके लागले होते. वाळलेले.

त्यानं कुंचला खाली ठेवला. आपण बघितलं का? मोटर चालवली का? मोटरला हात लावून बघितला तर गरम होती. पण त्या दुपारी लोखंडी खाट गरम होती, पाण्याचा माठसुद्धा गरम होता. पट्ट्या उभ्या राहिलेल्या त्याला स्वच्छ आठवत होत्या. पण त्या चकतीवरच्या होत्या की भात्याच्या चाकाच्या, हे काही केल्या सांगता येईना.

दारात पोपटचा माणूस होता, तिघांचेही मीटर घ्यायला आलेला. आता इथं ओधवजीनं एवढंच म्हणायचं होतं की उद्या ये. दोन शब्द. पण मग तो विचारणार, का? आणि जो माणूस तीस वर्षं गावाला सांगत आला की मी दुपारी झोपत नाही, त्यानं काय सांगायचं? ओधवजीनं तिन्ही टॅकोमीटर कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिले. मला विचाराल तर त्याची चूक झोपण्यात नव्हती, या देण्यात होती.

माणूस गेला. समजुबेन चहा घेऊन बाहेर आली, नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. ओधवजीच्या हनुवटीवर लाल रंगाचा ठळक ठिपका होता.

“अहो, तुम्हालाही पास केलं वाटतं कुणी,” ती म्हणाली. “झोपलात ना?”

“छे,” ओधवजी म्हणाला. बायकोशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला असेल असं मी म्हणत नाही, पण इतकं वाईट खोटं पहिल्यांदाच बोलला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. पोपटचा पंप जरा कमी फिरला तर विहिरीतून पाणी जरा कमी येईल. हबीबची मोटर तर फार तर पुन्हा गुंडाळावी लागेल. खरी भीती वशरामची होती. त्याच्या कारखान्याचा शंभर इंजिनांचा नवा लॉट तपासायला सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. शेठनं आधीच बजावलं होतं की लॉट परत आला तर टेस्टर बदलू. वशराम काटा बघून इंजिन बसवणार, आणि काट्याच्या मागं बापाचा ठिपका असल्यावर तो दुसरं काही बघणार कशाला?

चार दिवस ओधवजीनं स्वतःला समजावलं की बघितलंच असेल. हात इतक्या वर्षांचा आहे, झोपेतही चुकायचा नाही. पाचव्या दिवशी त्यानं जेवताना घास खाली ठेवला, उठला, मोटरची फळी, चकती आणि दोन्ही घड्याळं एका पिशवीत भरली आणि भर दुपारी घराबाहेर पडला.

दुपारच घेतली, कारण दुपारी विचारायला कुणी जागं नसतं. रस्ते रिकामे, दुकानांची अर्धी शटरं, त्यांच्याखालून दिसणारे झोपलेले पाय. गाठियावाल्याची कढईसुद्धा उपडी घालून झोपली होती. ओधवजी त्या उन्हातून चालला तेव्हा आपणच कुणाच्या तरी झोपेतून चालतो आहोत असं त्याला वाटत होतं.

पोपट मात्र जागा झालाच. पिशवी बघून त्यानं विचारलं की बापा, यात्रेला निघालात की बेननं बाहेर काढलं. ओधवजी म्हणाला, तेल द्यायचं राहिलं होतं. पोपटनं मीटर पुढं सरकवला आणि कूस बदलली. ओधवजीनं तिथल्या ट्यूबखाली चकती लावली, घड्याळं जुळवली, पट्ट्या उभ्या केल्या. काटा सहाशेवर. बरोबर.

दुसऱ्या दिवशी हबीबकडे. हबीब उठलाच नाही. झोपेतच त्यानं मीटर टांगलेल्या खिळ्याकडे बोट केलं आणि पुन्हा घोरायला लागला. त्याचाही काटा सहाशेवर.

दोन बरोबर निघाले तेव्हा ओधवजीच्या मनानं त्याला गाठलंच. मन म्हणालं, झालं की, दोन बरोबर म्हणजे तिसराही बरोबर. तू बघितलं होतंस. आता वशरामपुढं जाऊन स्वतःचं हसं कशाला करून घेतोस? हे त्याला पटलंही. दोन दिवस तो गेला नाही. मग शनिवार आला, आणि सोमवार काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

वशरामच्या कारखान्यात शिरला तेव्हा दीड वाजला होता. लेथ बंद, माणसं पत्र्याच्या सावलीत जागा सापडेल तिथं आडवी. फक्त मागच्या शेडमध्ये एक इंजिन चालू होतं. नवं इंजिन तासन्‌तास चालवून मुरवावं लागतं. ते काही दुपार पाळत नाही. त्याच्या शेजारी खाट टाकून वशराम झोपला होता. टेस्टर असेच झोपतात. इंजिन चालू असेपर्यंत त्यांना काही ऐकू येत नाही; आवाज जरा बदलला की ताडकन उठून बसतात. उशाशी त्याची जपमाळ पडली होती.

ओधवजी उभा राहून ऐकायला लागला. डब् डब् डब् डब्, मोठं चाक सावकाश फिरल्यासारखं दिसत होतं. कानाला ते साडेसहाशे वाटलं. अगदी साडेसहाशे. त्याला इतकं हायसं वाटलं की तसंच परत फिरावं असं मनात आलं. पण हात खिळ्यावरच्या टॅकोमीटरकडे गेलाच. दांड्याच्या खळग्यात त्यानं टोक टेकवलं, हलकं नाही, दाबूनही नाही. काटा चढला आणि थांबला. सहाशे तीस.

तीनदा बघितलं. तिन्ही वेळा सहाशे तीस.

एकतर इंजिन हळू होतं आणि कान गेला होता, किंवा कान खरा होता आणि काटा वीस फेरे खात होता. काटा खात असेल तर तो साडेसहाशेवर आणून बसवलेलं प्रत्येक इंजिन सहाशे सत्तरनं पळणार, आणि इन्स्पेक्टर शंभरच्या शंभर परत पाठवणार. ओधवजीनं मीटर उलटा केला.

मागं त्याचा लाल ठिपका होता. स्क्रूच्या डोक्यावरून जरा खाली ओघळलेला. आणि ठिपक्याच्या शेजारी कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती. तीवर वशरामच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वीस मिळवणे’. खाली तारीख. त्याच गुरुवारची.

ओधवजी खाटेच्या कडेवर बसला. लाज वाटली, इतकी की डोळे भरून आले. नऊ दिवस हा पोरगा गप्प राहिला होता, आणि आपण गावभर पिशवी घेऊन हिंडत होतो. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि तो आनंद होता. काटा चुकला, ठिपका चुकला, तरी एकही इंजिन चुकलं नव्हतं.

खाट कुरकुरली तसा वशराम जागा झाला.

“बापा? तुम्ही, दुपारचे?”

“मी झोपलो होतो, वशराम.” ओधवजीनं एका दमात सांगून टाकलं. “त्या गुरुवारी. न बघता ठिपका लावला.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“ठिपका ओघळलाय. जागेपणी तुमचा हात असा करत नाही.” वशराम उठून बसला आणि त्यानं माळ खिशात टाकली. “इंजिन चालू केलं तर काटा साडेसहाशे सांगत होता आणि कान ऐकेना. मग माळेवर मोजलं.”

ते माळेवर मोजणं ओधवजीनंच शिकवलेलं. हे इंजिन दोन फेऱ्यांना एकदा ठोका देतं. नवखे टेस्टर ठोके मोजतात, दुप्पट करायला विसरतात आणि चांगल्या इंजिनाला मेलेलं ठरवतात. दहा ठोक्यांना एक मणी. मिनिटाला साडेबत्तीस मणी झाले की साडेसहाशे फेरे. त्या दिवशी वशरामचे साडेतेहतीस झाले होते. एक मणी जास्त. कारखान्यातली माणसं समजत की वशराम फार भाविक आहे, इंजिनाशेजारीसुद्धा जप सोडत नाही.

“मग मला येऊन सांगितलं का नाहीस?” ओधवजीनं विचारलं. आवाज रागाचा करायचा होता, तो झाला नाही.

“काय सांगू? तुम्ही दुपारी झोपलात म्हणून? अख्खं राजकोट झोपतं, बापा.” वशराम हसला. “मनात वीस मिळवायला काय जड जातं? तुम्ही सात वर्षं माझ्यात केवढं मिळवलंत.”

“शेठला कळलं असतं तर?”

“शेठ ठिपका बघतो. पट्टी मी अंगठ्याखाली धरतो.”

ओधवजीनं मीटर मांडीवर घेतला आणि नखानं तो ठिपका खरवडायला लागला. तीस वर्षांत चुकला म्हणून स्वतःचा ठिपका त्यानं कधी काढला नव्हता. निघेना. रंग चांगला होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणेच होता. शेवटी वशरामनं त्याच्या हातातून मीटर काढून घेतला आणि म्हणाला की जरा पाठ टेका, ऊन उतरू दे.

ओधवजी आडवा झाला. खाटेला इंजिनाचा ठोका लागत होता. मणी मोजावेत असं त्याच्या मनात आलं, पण चौथ्या-पाचव्यालाच डोळा लागला. या वेळी कुठली भट्टी आली नाही, बापही आला नाही. नुसतं चाक फिरत होतं. किती, असं कुणी विचारलं नाही.

उठला तेव्हा चार वाजून गेले होते आणि इंजिन बंद होतं. स्टुलावर त्याचीच फळी मांडलेली, ट्यूब लागलेली, दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवलेली. वशरामच्या हातात टॅकोमीटर होता. कागदाची पट्टी काढलेली होती, स्क्रूचं डोकं उघडं आणि स्वच्छ होतं.

“घड्याळं पंधरा मिनिटं धरली,” वशराम म्हणाला. “मग पट्ट्यांवर आणला. तीनदा बघितलाय. ठिपका तेवढा तुम्ही द्या.”

ओधवजीनं खिशातून बाटली काढली. झाकण फिरवलं, कुंचला बाहेर काढला, कडेला टेकवून जास्तीचा रंग पुसला. मग तो वशरामपुढं धरला.

“मी नाही, बापा,” वशराम मागं सरकला.

“बघितलं कुणी?”

“मी.”

“मग लाव.”

वशरामनं कुंचला घेतला. ठिपका पडला तो गोल पडला, स्क्रूच्या डोक्यावर बरोबर मधे. ओधवजी शेजारी बसून तो वाळेपर्यंत बघत राहिला. मोटर समोर होती, चकती लावलेली होती, हात लांब केला की पट्ट्या फिरल्या असत्या आणि काटा कुठं आहे ते कळलं असतं. त्यानं हात लांब केला नाही. बाटली वशरामच्या खिशात घातली, फळी आणि घड्याळं तिथंच राहू दिली, आणि रिकामी पिशवी घडी करून घरी गेला.

सोमवारी इन्स्पेक्टर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि समजुबेन ओधवजीच्या कपाळाला हात लावून बघत होती. तो फरशीवर ओल्या पंच्यावर आडवा झाला होता आणि तिला वाटलं याला ताप आला. आज लॉट आहे ना वशरामचा, जायचं नाही का, असं तिनं विचारलं.

“तो जागा आहे,” ओधवजी म्हणाला, आणि कुशीवर वळून झोपला.